गुलाबाचं मेंटेनन्स

आमच्या धंद्यात एक न बोललेला नियम आहे. मेंटेनन्स प्रोजेक्ट कुणालाही नको असतो. नवीन डेव्हलपमेंट म्हटलं की सगळे बाह्या सरसावून पुढे. पण दहा वर्षं जुना, चार टीम्सच्या हातून गेलेला, मूळ लिहिणारा माणूस केव्हाच कॅनडाला स्थायिक झालेला असा कोड सांभाळायला दिला, की चेहरे पडतात. आणि महिन्याभरात कुणीतरी ते वाक्य उच्चारतंच, "त्यापेक्षा हे सगळं फेकून देऊन नव्याने लिहूया ना!"

गेले काही महिने मी गुलाबाच्या जुन्या बागांबद्दल मिळेल ते वाचतोय आणि हे वाक्य सारखं आठवतंय. दिघीत राहणाऱ्या माणसाचा गुलाबाशी काय संबंध, असं कुणी विचारेल. रास्त आहे. दिघी म्हटलं की लोकांना मॅगझिन चौक आठवतो, लष्कराच्या लांबच लांब भिंती आठवतात, नाहीतर वारीत आळंदीहून पुण्याकडे निघालेली माउलींची पालखी. गुलाब इथे भेटतो तो आळंदीच्या रस्त्यावर, हारात ओवलेला. पण विषय डोक्यात शिरला तो इंदूरमुळे.

इंदूरला बायकोची मावशी असते. घराणं होळकरांच्या नोकरीत तिकडे गेलेलं, त्यामुळे घरात मराठी अजून पक्कं, फक्त त्याला इंदुरी फोडणी. आम्ही गेलो तेव्हा मावशींनी दोन गोष्टी सक्तीच्या केल्या. रात्री सराफ्यात खाणं आणि सकाळी लालबाग.

लालबाग म्हणजे होळकरांचा राजवाडा, खान नदीच्या काठी. १८८६ च्या सुमाराला काम सुरू झालं आणि तुकोजीराव होळकर (तिसरे) यांच्या काळात, १९२१ मध्ये पुरं झालं. फाटक लंडनच्या बकिंगहॅम पॅलेसच्या फाटकावर बेतलेलं, विलायतेत ओतवून जहाजाने मुंबईला आणि तिथून इंदूरला आणलेलं. भोवती काही एकर नव्हे, काही दशक एकर बाग. आणि या बागेची एके काळी ख्याती होती ती गुलाबांसाठी. देशातल्या उत्तम गुलाबबागांपैकी एक, असं तिच्याबद्दल सांगितलं जातं. १९४८ मध्ये संस्थान मध्य भारतात विलीन झालं, १९७८ मध्ये तुकोजीराव गेले, आणि पुढे वाडा सरकारकडे आला. आज तो बघायला तिकीट काढून जाता येतं.

मी बाहेर उभा राहून गुलाब शोधत होतो. मावशी म्हणाल्या, "काय पाहून राहिलात जावईबापू? ते गुलाब गेले. पण आमच्या गच्चीवर आहे एक. सासरे घेऊन आले होते, इथल्याच माळ्याकडून."

घरी गेल्यावर बघितलं. एका फुटक्या सिमेंटच्या कुंडीत काटेरी झुडूप, त्याला गुलाबी, जरा विस्कटलेली फुलं. पण वास! आपण बुके म्हणून देतो त्या गुलाबांना हा वास नसतोच. निघताना मावशींनी ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळून चार काड्या दिल्या. "लालबागचा आहे, जपा," असं दोनदा बजावलं. त्या कुंडीची पुढची गोष्ट नंतर सांगतो.

परत येताना गाडीत प्रश्न पडला तो असा. समजा उद्या ठरवलं, की अशा एखाद्या जुन्या संस्थानी बागेतले गुलाब पुन्हा उभे करायचे. तर नेमकं काय उभं करायचं? जुना वाडा दुरुस्त करताना गोष्ट निदान समजते. पेशवाईतला सागवानी खांब आजही खांबच असतो. किडलेला भाग काढला, तशाच लाकडाचा जोड दिला, झालं. पण गुलाबाचं झाड काही दोनशे वर्षं थांबत नाही. चांगली निगा राखली तरी वाफ्यातलं कलमी गुलाबाचं झाड साधारण पंधरा-वीस वर्षांत थकतं. म्हणजे शंभर वर्षांच्या बागेत झाडांच्या निदान पाच पिढ्या होऊन गेलेल्या असणार. मग 'मूळ बाग' कशाला म्हणायचं?

उत्तरासाठी थोडं मागे जावं लागतं. या बागा अशा भूमितीसारख्या का आखतात? चौकोन, वर्तुळं, मधे कारंजं, कडेने कातरलेलं बुटकं कुंपण... मला वाटायचं, साहेबाची हौस. हौस होतीच, पण एक सरळ कारणही होतं. १८६७ मध्ये फ्रान्समधल्या गियोच्या नर्सरीतून 'ला फ्रान्स' नावाचा गुलाब आला. तिथून पुढे 'हायब्रीड टी' जातींचं युग सुरू झालं असं मानतात. लांब दांडा, त्यावर एकच मोठं डौलदार फूल, आणि वर्षातून पुन्हापुन्हा बहर. फूल राजबिंडं, पण झाड? झाड म्हणजे काटक्यांची मोळी. खाली बोडकं, वर दोन फांद्या. एकटं लावलं तर केविलवाणं दिसतं. म्हणून ते रांगेत, एका जातीचा एक वाफा असं लावायचं, आणि बोडके पाय झाकायला पुढे बुटकं कुंपण घालायचं. म्हणजे बागेचा आराखडा हा त्या झाडाच्या खोडीवर काढलेला उपाय आहे. आमच्या भाषेत, वर्कअराउंड :-)

दुसरी गोष्ट कलमाची. नर्सरीतला गुलाब म्हणजे बहुतेक वेळा दोन झाडं असतात. खाली खुंट, म्हणजे एखाद्या दणकट जातीचं मूळ आणि बुंधा, आणि त्यावर भरलेला हव्या त्या जातीचा डोळा. खुंट माती, पाणी, मुळांचे रोग सांभाळतो आणि वरचं फूल मिरवतं. पण खुंटालाही जीव असतो. तो बुंध्यातून आपले फुटवे काढत राहतो. माळी ते वेळेवर मुळापासून काढतो. माळी आला नाही की खुंट जोमाने वर येतो, सगळं अन्नपाणी तोच घेतो, आणि दोन-तीन वर्षांत वरची जात गुपचूप मरते. लांबून बाग हिरवीगार दिसते, पण गुलाब केव्हाच गेलेला असतो. अमेरिकेत 'डॉक्टर ह्यूई' नावाची गडद लाल जात खुंट म्हणून सर्रास वापरली गेली. तिथे कित्येक जुन्या अंगणांत आज हाच एक लाल गुलाब दिसतो. मालकाने लावलेला पिवळा, पांढरा, जो काही असेल तो गेला, डॉक्टरसाहेब राहिले.

तिसरी गोष्ट मातीची, आणि नूतनीकरणाची खरी गोम इथे आहे. जिथे वर्षानुवर्षं गुलाब होता, तिथेच जुनं झाड उपटून नवीन लावलं तर ते बऱ्याचदा तग धरत नाही. कोपऱ्यात नव्या जागी लावलेलं भावंड जोमाने वाढतं आणि हे मात्र रुसल्यासारखं बसून राहतं. मातीतल्या बुरशा, सूत्रकृमी असं बरंच काही यात गुंतलेलं आहे. जुना उपाय एकच: वाफ्यातली दीड-दोन फूट माती काढून नवी भरायची. सोपं वाटतं ना? दहा मीटर लांब, दोन मीटर रुंद, अर्धा मीटर खोल वाफा धरा. दहा घनमीटर, म्हणजे साडेतीन ब्रास माती. एका वाफ्याची. असे चाळीस वाफे असतील तर एकशे चाळीस ब्रास बाहेर आणि तेवढीच पोयटा माती, शेणखत घालून, आत. शिवाय आपल्याकडची काळी माती पावसाळ्यात पाणी धरून ठेवते, आणि गुलाबाला पाय ओले ठेवलेले चालत नाहीत. त्यामुळे खाली निचऱ्याची सोयही करायची. टेंडरमध्ये कारंजं आणि दिवे ठळक दिसतात, पण बागेचं भवितव्य ठरतं ते या मातीत.

हे सगळं खरोखर निभावून नेल्याचं एक उदाहरण मला फार आवडलं. न्यूयॉर्क बोटॅनिकल गार्डनमधली गुलाबबाग. १९१६ मध्ये बियाट्रिक्स फॅरंड या बाईंनी तिचा आराखडा केला. (अमेरिकेतल्या लँडस्केप आर्किटेक्ट्सची संस्था १८९९ मध्ये स्थापन झाली, तिच्या संस्थापकांमधल्या या एकट्या स्त्री.) त्रिकोणी जागा, मध्ये जाळीचा मंडप, तिथून किरणांसारखे निघणारे वाफे. गुलाब लागले, पण पहिल्या महायुद्धाच्या टंचाईत मंडपाला आणि कुंपणाला लोखंडच मिळालं नाही. बाग अर्धवट राहिली, पुढे तिची रयाही गेली. १९८८ मध्ये रॉकफेलर कुटुंबाच्या देणगीतून फॅरंडबाईंचे जुने कागद समोर ठेवून ती बाग त्या आराखड्याप्रमाणे पुरी केली गेली. म्हणजे बहात्तर वर्षांनी रिलीज!

पण खरी गंमत पुढे आहे. २००५ मध्ये न्यूयॉर्क शहराने आपल्या मालकीच्या जागांवर कीटकनाशकं वापरण्यावर बंधनं आणणारा कायदा केला. हायब्रीड टी गुलाब तर फवारणीवर जगणारे. आता काय? तेव्हाचे क्युरेटर पीटर कुकेल्स्की यांनी वाफे होते तसे ठेवले, आराखड्याला हात लावला नाही, आणि झाडं बदलली. फवारणीशिवाय जी जात सतत आजारी पडते ती काढायची, जी टिकते ती वाढवायची. भावनेला जागा नाही, नोंदवहीत जे दिसेल ते खरं. बाग राहिली फॅरंडबाईंचीच, आतले गुलाब मात्र बरेचसे नवे.

हे वाचल्यावर मला वाटलं, अरे, हेच तर रिफॅक्टरिंग! बाहेरचं रूप तेच, आतलं बदललेलं.

यावर शुद्धतावादी म्हणतील, मग ती ऐतिहासिक बाग कसली? त्यांच्यासाठी आपल्या दिल्लीतलं उदाहरण. राष्ट्रपती भवनाच्या बागेचा आराखडा ल्युटेन्सने १९१७ मध्ये पक्का केला, लागवड १९२८-२९ मध्ये विल्यम मस्टो या बागतज्ज्ञाने केली. मस्टो हायब्रीड टी गुलाबांत पटाईत. आज तिला अमृत उद्यान म्हणतात, २०२३ पासून. तिथल्या गुलाबांत 'क्वीन एलिझाबेथ' आहे. ती जात १९५४ ची, ल्युटेन्स गेला १९४४ मध्ये. त्यांच्या शेजारी 'अर्जुन' आणि 'भीम'ही आहेत :-) म्हणजे तिथेही झाडं बदलत गेली आहेत, आणि तरी ती ल्युटेन्सचीच बाग आहे. फरक एवढाच, की तिथे निगा कधी तुटली नाही. बदल होत गेले, पण एकावेळी थोडे, आणि जाणत्या हाताने.

इंदूरचा या सगळ्याशी आणखी एक धागा आहे. पॅट्रिक गेडीस हे मूळचे वनस्पतीशास्त्रज्ञ, नंतर नगररचनाकार झाले. १९१८ मध्ये त्यांनी होळकर दरबाराला इंदूरचा मोठा दोन खंडी अहवाल लिहून दिला. हिंदुस्थानातल्या शहरांबद्दल त्यांचं एकच म्हणणं असायचं: जुनी वस्ती सरसकट पाडू नका, हात राखून शस्त्रक्रिया करा, सडलेलं तेवढंच काढा. बागेचा विचार करणाऱ्या माणसालाच हे सुचू शकतं. छाटणी म्हणजे दुसरं काय असतं?

आता आपल्याकडे येऊ. आपल्याकडे जुन्या बागेचं 'नूतनीकरण' होत नाही, 'सुशोभीकरण' होतं. शब्दातच सगळं आलं. वाफे उखडतात, पेव्हर ब्लॉक बसतात, फायबरचा हत्ती येतो, रंगीत दिवे लागतात, नारळ फुटतो. यात कुणी दुष्ट नसतं. नव्या कामाला एकदा पैसे मिळतात, निगेला दरवर्षी लागतात, आणि दरवर्षीच्या खर्चाला उद्घाटन नसतं.

आमच्या सोसायटीत याचं छोटं रूप पाहिलं. दोन विंग्सच्या मध्ये गोल गुलाबाचा वाफा आहे. बिल्डरच्या माहितीपत्रकात त्याचं नाव भारदस्त होतं. आता त्यातली अर्धी झाडं वाळलीत. वार्षिक सभेत प्रस्ताव आला, कृत्रिम हिरवळ टाकू, एकदाच खर्च. सभेत मी हिशोब मांडला. (इंजिनियरला दुसरं काय येतं?) एका झाडाच्या छाटणीला दहा मिनिटं धरली तर पाचशे झाडांना त्र्याऐंशी तास, म्हणजे एका माणसाचे साडेदहा दिवस. आमची झाडं साठ. दहा तास. वर्षातून एकदाची मोठी छाटणी फक्त सव्वा दिवसाचं काम! उरतं ते दर आठवड्याचं किरकोळ: सुकलेली फुलं काढा, खुंटाचे फुटवे काढा, भुरी, काळे ठिपके, फुलकिडे यांच्यावर नजर ठेवा. सभेने कृत्रिम हिरवळ एक वर्ष पुढे ढकलली. आपल्याकडे यालाच विजय म्हणतात.

या निमित्ताने आमच्या माळीमामांशी दोस्ती झाली. आळंदीच्या पलीकडच्या गावचे, साठीचे. मावळातल्या पॉलिहाऊसमध्ये त्यांनी बरीच वर्षं काम केलं. व्हॅलेंटाइन डेला परदेशी जातात ना, ते लांब दांड्याचे लाल गुलाब. तिथला हिशोब रोकडा. उत्पन्न उतरलं की सगळी झाडं काढायची, नवी लावायची. पण मामा डोळा भरायला शिकले ते त्याआधी, एका जुन्या बंगल्यातल्या म्हाताऱ्या माळ्याकडून. चाकूने सालीवर इंग्रजी टी अक्षरासारखी चीर, त्यात डोळा सरकवायचा, पट्टी बांधायची. मी घड्याळ लावलं, दीड मिनिट. मी करून पाहिला, तर ते बघून हसले आणि म्हणाले, "बोटं घाई करत्यात सायेब." त्यांच्या मुलाला हे येत नाही. तो चाकणला एका कारखान्यात आहे, आणि त्याचं उत्तम चाललंय. त्याला दोष कसा देणार?

आता त्या इंदूरच्या काड्या. चारातल्या दोन जगल्या. पहिल्या हिवाळ्यात आमच्या बाल्कनीत फूल आलं. मी मोठ्या अभिमानाने मामांना बोलावलं, म्हटलं, बघा, होळकरांचा गुलाब! मामांनी पान चुरगळलं, काटे पाहिले, फुलाचा वास घेतला आणि म्हणाले, "सायेब, हा तर एडवर्ड. हे खुंटाचं फूल."

म्हणजे असं घडलं असणार, की कुठल्यातरी खानदानी विलायती जातीचं कलम त्या गच्चीवर आलं, ती जात कधीतरी मेली, आणि खाली उभा असलेला खुंट वर आला. घरच्यांनी इतकी वर्षं त्यालाच राजाचा गुलाब म्हणून पाणी घातलं.

आधी हसलो. मग एडवर्डबद्दल वाचलं. हिंदी महासागरातलं रीयुनियन बेट, पूर्वीचं नाव बूर्बाँ. तिथे चिनी गुलाब आणि दमास्कस गुलाब यांच्या संकरातून, एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला जगासमोर आलेला हा गुलाब. युरोपातल्या 'बूर्बाँ' गुलाबांचं घराणं याच्यापासून सुरू झालं. हिंदुस्थानात तो इतका रुळला की लोक त्याला देशी गुलाबच समजतात. गुलाबपाण्याला हा, गुलकंदाला हा, आणि कलमाला खुंटही हाच. ऊन, पाऊस, हलगर्जीपणा सगळं सोसतो. म्हणजे आमच्या बाल्कनीत आहे तो काही ऐरागैरा नाही.

आणि मग एक गोष्ट लक्षात आली. कुठल्याही जुन्या बागेतल्या जाती पुन्हा शोधायच्या असतील, तर त्या बागेत मिळायच्या नाहीत. त्या मिळतील गच्च्यांवर, परसात, देवळामागे. माळ्यांनी दिलेल्या काड्यांतून. टेक्सासमध्ये १९८० च्या दशकात हौशी लोकांनी हेच केलं. जुनी कबरस्तानं, ओसाड अंगणं फिरून विसरलेले गुलाब गोळा केले. त्यातल्या कित्येक जाती आज पुन्हा नर्सरीत मिळतात. आपल्याकडे गहू-शास्त्रज्ञ डॉ. बी. पी. पाल यांनी फावल्या वेळात नव्या भारतीय जाती तयार केल्या, पुस्तकं लिहिली. कोडाईकनालच्या वीरराघवन पती-पत्नींनी उष्ण हवेत टिकणाऱ्या गुलाबांसाठी आपल्याकडच्या रानगुलाबांशी संकर करण्यात आयुष्य घातलं. म्हणजे न्यूयॉर्कसारखं काम करायला इथे सामग्री आहे. आराखडा जुना, गुलाब इथल्या हवेचे.

माझ्या मते अशा बागेत जपायच्या गोष्टी तीन. आराखडा, जातींची यादी, आणि डोळा भरता येणारा माणूस. आराखडा कागदावर राहतो. यादी कुणीतरी लिहिली तर राहते. माणूस मात्र दरवर्षी एक वर्षाने म्हातारा होतो, आणि त्याचा बॅकअप घेता येत नाही. पैसे कमी असतील तर कारंजं पुढच्या वर्षी करा, पण त्याच्या हाताखाली दोन पोरं या वर्षी द्या, बऱ्या पगारावर.

आपण स्वतः काय करू शकतो? यादीचं काम तर नक्की. तुमच्या आजीच्या, मावशीच्या अंगणात जुना गुलाब असेल तर विचारा, कुठून आला, कुणी दिला, नाव काय सांगितलं होतं. फोटो काढा, लिहून ठेवा, नाव चुकीचं वाटलं तरी. मी मावशींच्या कुंडीची नोंद केली आहे. 'लालबाग, इंदूर, सासऱ्यांनी माळ्याकडून आणला. बहुधा एडवर्ड, खुंटाचा.' मावशींना फोन करून हे सगळं सांगितलंही. त्या दोन क्षण गप्प राहिल्या, मग म्हणाल्या, "असू दे हो. वास तर तोच आहे ना?"

पाऊस संपला की ऑक्टोबरच्या मध्यावर छाटणी करायची. दीड-पावणेदोन महिन्यांत फुलं येतात. मामांनी मला सिकेटर धरायला शिकवलंय. या वर्षी साठांपैकी दहा झाडं माझी.